पेटी, गळा आणि साथ: मराठी मुलखातील स्वरपट्टीच्या शिक्षणाचा इतिहास

पियानो, ऑर्गन आणि हार्मोनियम या स्वरपट्ट्यांवर बोटे ठेवून वाजवायच्या वाद्यांमध्ये सूर वादकाला आयता मिळतो. सारंगीवर योग्य जागा हाताने शोधावी लागते आणि गायकाला तर प्रत्येक स्वर श्वासातून घडवावा लागतो. पेटीवर मात्र पट्टी दाबली की गंधार उमटतो, मग तो वादकाच्या कानात असो वा नसो. या सोयीमुळे शिक्षणाचा एक कठीण प्रश्न उभा राहतो. बोटे झपाट्याने तयार होतात, पण स्वरज्ञान, लयीची जाण, रागाचा विचार आणि इतरांबरोबर वाजवण्याचे भान त्या गतीने वाढत नाही आणि विद्यार्थी कुशल वादक झाला तरी संगीतकार होत नाही. पियानो शिकवणाऱ्या जगभरच्या विद्यापीठांपुढे आज हाच प्रश्न आहे. मराठी मुलखात पियानोचे उच्च शिक्षण मुंबई आणि गोव्यासारख्या मोजक्या ठिकाणांपुरते राहिले. स्वरपट्टीचे जे वाद्य येथे गावोगाव पोहोचले ते हार्मोनियम, म्हणजे लोकांच्या भाषेत पेटी. या पेटीच्या शिक्षणात सर्वांगीण संगीतकार घडवण्याचा जो मार्ग सापडला तो गळ्यातून आणि साथीतून जाणारा होता, आणि सेनगावसारख्या मराठवाड्यातील तालुक्यापासून विद्यापीठापर्यंत त्याचा माग काढता येतो.

युरोपातील पूर्वपीठिका

युरोपातही स्वरपट्टीचे वाद्य मुळात संपूर्ण संगीतशिक्षणाचे साधन होते. अठराव्या शतकात नेपल्सच्या संगीतशाळांत मुलांना ‘पार्तिमेंतो’ नावाचे पाठ दिले जात. त्यांत खालच्या सप्तकातील एकच स्वरपंक्ती लिहिलेली असे आणि वरच्या सर्व स्वरपंक्ती विद्यार्थ्याने वाजवता वाजवता स्वतः रचायच्या असत. रचना, तत्काळ स्फूर्तीने केलेला विस्तार आणि साथ ही तिन्ही अंगे अशा एकाच पाठातून शिकली जात. पॅरिसचे संगीत महाविद्यालय १७९५ मध्ये आणि संगीतकार मेंडेल्सोनच्या पुढाकाराने लाइपझिगचे १८४३ मध्ये सुरू झाले. या आणि अशा संस्थांमधून शिक्षणाला शिस्तबद्ध रूप आले; परंतु एकोणिसाव्या शतकात मैफलीचा एकटा पियानोवादक हा आदर्श जसजसा रुजत गेला, तसतसा बोटांच्या तयारीवरचा भर वाढला आणि रचना, विस्तार व साथ ही अंगे वेगळ्या तासांत विभागली गेली. विसाव्या शतकात या विभागणीविषयी असमाधान व्यक्त होऊ लागले. न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संस्थेत विल्यम शूमन यांनी १९४७ मध्ये संगीतशास्त्राचे सुटे तास मोडून प्रत्यक्ष रचनांच्या अभ्यासातून ते शास्त्र शिकवण्याचा क्रम सुरू केला आणि १९६५ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील चर्चासत्राने समग्र संगीतज्ञानाची कल्पना अमेरिकेतील महाविद्यालयांपुढे ठेवली. आज तेथील पियानोच्या विद्यार्थ्याकडून न पाहिलेले लिखाण वाचून वाजवणे, दिलेल्या चालीला संवादी स्वर देणे, पट्टी बदलणे आणि साथ करणे या चार गोष्टींची अपेक्षा असते. तुटलेले दुवे सांधण्याचा हा प्रयत्न मराठी पेटीवादकाच्या घडणीशी ताडून पाहण्यासारखा आहे, कारण येथे हे दुवे बराच काळ तुटलेच नव्हते.

पेटीचे आगमन

हार्मोनियमचे एकस्व आलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये पॅरिसमध्ये घेतले. धातूच्या पातळ पात्यांवरून, ज्यांना मराठीत ‘सूर’ म्हणतात, हवा वाहू लागली की त्या कंप पावून नाद निर्माण करतात, हे तिचे तत्त्व. मूळ वाद्य मेजासारखे उंच होते आणि त्याचा भाता पायाने चालवावा लागे. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांच्या १८७५ मध्ये स्थापन झालेल्या द्वारकिन या पेढीने ते भारतीय बैठकीला साजेसे केले. भाता मागे आला, वादक जमिनीवर बसून एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने स्वरपट्ट्या हाताळू लागला. या बदलाचा परिणाम दूरगामी ठरला. पियानोच्या दोन हातांपैकी एक हात भात्यात गुंतल्याने अनेक स्वर एकत्र वाजवण्याची पाश्चात्त्य पद्धत मागे पडली आणि वाद्य एकस्वरी, म्हणजे गायकीच्या अंगाने वाजू लागले.

महाराष्ट्रात या वाद्याला प्रतिष्ठा मिळाली ती संगीत रंगभूमीमुळे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगमंचावर आले आणि त्यानंतरच्या अर्धशतकात पायपेटी, म्हणजे ऑर्गन, आणि हातपेटी या नाटकाच्या अविभाज्य साथी झाल्या. नाटकातील पेटीवादकाला गायकनटाची पट्टी सांभाळावी लागे, पदाची सुरुवात सुचवावी लागे, प्रेक्षकांच्या आग्रहाखातर पुन्हा म्हटलेल्या पदात नटाने घेतलेली नवी जागा तत्क्षणी ओळखावी लागे आणि शेकडो पदे मुखोद्गत ठेवावी लागत. अशा प्रकारे रंगभूमी हे पेटीवादनाचे पहिले मोठे विद्यालय ठरले आणि त्या विद्यालयात केवळ बोटे चालवणाऱ्याला जागा नव्हती.

सेनगावचा परिसर आणि भजनाची शाळा

मराठवाड्याची परिस्थिती वेगळी होती. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, उस्मानिया विद्यापीठाचे (१९१८) माध्यम उर्दू होते, आणि मराठवाड्यातले पहिले महाविद्यालय औरंगाबादेत १९२३ मध्ये निघाले तेव्हा परभणी आणि हिंगोलीकडच्या मुलांना उच्च शिक्षण दूरच होते. औरंगाबादची सरस्वती भुवन आणि अंबाजोगाईची योगेश्वरी यांसारख्या संस्थांनी मराठी शिक्षणाचा पाया घातला, तरी संगीताचे वर्ग, मंडळे आणि नाटक कंपन्यांचे बिऱ्हाड यांचे जे जाळे पुणे, मुंबई, कोल्हापूर आणि बेळगावात होते ते येथे नव्हते. म्हणून या भागात संगीताचे शिक्षण देवळाच्या सभामंडपात झाले.

सेनगाव हा हिंगोली जिल्ह्याच्या पाच तालुक्यांपैकी एक असून हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. शेजारच्या हिंगोली तालुक्यातील नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा मानतात, आणि त्यांची पदे शीखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. तो ग्रंथ रागांच्या क्रमाने रचलेला असल्याने नामदेवांच्या वाणीला राग आणि गायन यांची चौकट लाभलेली आहे. पुढे नांदेडच्या हुजूर साहिबात शबद-कीर्तनाला पेटीची साथ मिळाली आणि नरसीच्या पंचक्रोशीत भजनाला. एकाच भूभागातल्या दोन भक्तिपरंपरांनी हे परदेशी वाद्य आपलेसे केले.

वारकरी भजनाची मूळ साधने वीणा, टाळ आणि पखवाज. पेटी या मेळात उशिरा आली, परंतु आली तेव्हा तिने सप्ताहाच्या वातावरणात एक नवे काम पत्करले. अखंड हरिनाम सप्ताहात दिवसभर वेगवेगळे गळे एकामागून एक येतात. कोणी काळी चारमध्ये गातो, कोणी काळी पाचमध्ये, आणि पेटीवादकाला षड्जाची जागा त्यानुसार बदलावी लागते. ‘काळी चार’ म्हणजे सप्तकातील चौथी काळी पट्टी षड्ज धरून गाणे. पट्टी बदलली की बोटांचा सगळा नकाशा बदलतो, कारण काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी षड्जानुसार हलत नाही. अमेरिकेतील पियानोचा विद्यार्थी ज्याला स्वतंत्र कौशल्य म्हणून शिकतो ते पट्टीबदलाचे कौशल्य गावचा पेटीवादक गरजेपोटी अवगत करतो. त्याशिवाय तो अभंगाची चाल ऐकून ओळखतो, टाळकऱ्यांची लय धरतो, गवळणीत आणि भैरवीत कोणती छटा हवी हे जाणतो आणि बुवा चाल मध्येच बदलतात तेव्हा त्यांच्या मागे न अडखळता जातो. ही शाळा श्रवणाची आहे. तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत: चाल येते पण रागाचे नाव सांगता येत नाही, मात्रा धरता येतात पण तालाची रचना लिहिता येत नाही, आणि एका गावाचे ज्ञान दुसऱ्या गावी पोहोचायला लिखाणाचा आधार मिळत नाही. नेमकी हीच उणीव भरून काढण्यासाठी संगीत विद्यालयांची चळवळ उपयोगी पडायला हवी होती.

वर्ग, लिपी आणि परीक्षा

या चळवळीचे प्रणेते पंडित विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) मूळचे कुरुंदवाडचे. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि १९०८ मध्ये मुंबईत त्याची शाखा काढली. गुरूच्या घरी राहून सेवा करत शिकण्याऐवजी ठरलेला अभ्यासक्रम, वर्ग, छापील पुस्तके आणि स्वरलिपी, म्हणजे गाणे लिहून ठेवण्याची पद्धत, हे त्यांच्या कार्याचे आधारस्तंभ होते. त्यांच्याच विद्यालयातील ‘उपदेशक’ वर्गात शिक्षक घडवले जात आणि ते पुढे देशभर विद्यालये काढत. समांतर मार्गाने पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी बंदिशी गोळा केल्या, रागांचे दहा थाटांत वर्गीकरण केले, १९१६ च्या बडोदा परिषदेत संगीताच्या संस्थात्मक शिक्षणाचा विचार मांडला आणि १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज सुरू होण्यात पुढाकार घेतला. पलुसकरांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकारपर्यंतच्या त्याच्या परीक्षांचे जाळे पुढे राज्यभरच्या केंद्रांतून पसरले. त्या परीक्षांच्या स्वरवाद्यांत हार्मोनियमचाही समावेश आहे.

सर्वांगीण संगीतकाराच्या कल्पनेचा या परंपरेतील सर्वांत स्पष्ट नमुना म्हणजे प्रा. बी. आर. देवधर. पलुसकरांचे शिष्य असूनही त्यांनी विद्यापीठाची पदवी घेतली, पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास केला, १९२५ मध्ये मुंबईत ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ काढले आणि कोणत्याही एका घराण्याच्या कुंपणात न राहता विविध घराण्यांच्या गायकांचे गाणे विद्यार्थ्यांना ऐकवले. कुमार गंधर्व त्यांच्याच विद्यालयात घडले. देवधरांच्या अध्यापनात स्वतः गाणे, इतरांचे ऐकणे, लिहिणे आणि तुलना करणे ही चारही अंगे एकत्र नांदत होती.

परीक्षापद्धतीने मात्र दोन परिणाम केले. एकीकडे गावाकडच्या मुलाला रागाचे नाव, वादी-संवादी स्वर आणि तालाच्या ठेक्याची भाषा मिळाली आणि संगीत हा शिकता येण्याजोगा विषय आहे असा विश्वास आला. दुसरीकडे, परीक्षेत मोजता येते तेच शिकवण्याची सवय लागली. दहावीत मान्यताप्राप्त शास्त्रीय कला परीक्षांसाठी अतिरिक्त गुण मिळू लागल्यापासून परीक्षेला बसणाऱ्या मुलांचे लक्ष त्या गुणांकडे वळणे स्वाभाविक होते. साथ हे अंग मोजायला अवघड, कारण ते एकट्याने दाखवता येत नाही. म्हणून ते हळूहळू कडेला सरकले.

साथीतून घडलेले वादक

पेटीवादनाच्या इतिहासातील मोठी नावे पाहिली की हे अंग किती मध्यवर्ती होते ते लक्षात येते. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) हे कोल्हापूरकडचे. भास्करबुवा बखले आणि अल्लादियाखाँ यांचे गाणे ऐकत त्यांची पेटी गायकीच्या अंगाने तयार झाली. पेटीच्या स्वतंत्र वादनाला त्यांनी मैफलीची प्रतिष्ठा दिली, ‘संगीत मानापमान’ला (१९११) चाली दिल्या, नट म्हणून १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त काम केले आणि संगीतविषयक लेखनही केले. वादक, रचनाकार, नट आणि लेखक या भूमिका त्यांच्या ठायी एकमेकींना पोसत होत्या. गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) मुंबईत नोकरी सांभाळून नाट्यपदांचा प्रचंड साठा बाळगणारे आणि अनेक थोर गायकांची साथ करणारे वादक म्हणून ओळखले गेले. गोव्याचे तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. मराठवाड्याच्या दृष्टीने महत्त्वाचे नाव म्हणजे जालना परिसरातील अप्पा जळगावकर (१९२२–२००९). गायनाचे शिक्षण आधी घेऊन ते पेटीकडे वळले आणि भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर यांच्यासारख्या गायकांच्या साथीला दीर्घकाळ बसले. मराठवाड्यातल्या लहान गावातून निघालेला मुलगा देशातल्या पहिल्या फळीच्या मैफलींत पोहोचतो, यामागे गळा आणि कान यांची आधीची तयारी होती, हे त्यांच्या उदाहरणातून सिद्ध होते.

साथ म्हणजे केवळ गायकाच्या मागून तेच स्वर वाजवणे नव्हे. गायक श्वास घेतो तेव्हा मागचा भाव टिकवणे, त्याच्या आलापातील दिशा आधी ओळखणे, समेवर त्याच्याबरोबर येणे, त्याच्या आवाजावर पेटीचा आवाज चढू न देणे, आणि मींड, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्या स्वरात सलग घसरत जाणे, पेटीवर शक्य नसल्याने कणस्वर व भात्याचा दाब यांनी तिचा आभास निर्माण करणे ही सर्व कामे साथीदार एकाच वेळी करतो. तबल्याच्या स्वतंत्र वादनाला दिलेला लेहरा, म्हणजे एका आवर्तनाची पुनःपुन्हा वाजणारी स्वरपंक्ती, लय न हलू देता सांभाळणे ही त्याची दुसरी कसोटी. या कामांतून श्रवण, स्मरण, लय आणि संयम या चारही गुणांची परीक्षा होते.

तरीही या वाद्याकडे संशयाने पाहणारा विचार प्रबळ होता. पेटीच्या सप्तकातील बारा स्वर समान अंतरावर बसवलेले असल्याने भारतीय संगीतातील सूक्ष्म श्रुती त्यावर येत नाहीत, असा आक्षेप होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश न्यायाधीश ई. क्लेमंट्स यांनी याच कारणास्तव श्रुतींची हार्मोनियम बनवून घेण्याचा प्रयत्न केला आणि १९१६ च्या बडोदा परिषदेत त्यावर खल झाला. पुढे ऑल इंडिया रेडिओने १ मार्च १९४० पासून हार्मोनियमला बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. १९७१ च्या सुमारास निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल होऊ लागले. या काळात नभोवाणीची दारे बंद असूनही मैफली, रंगभूमी आणि भजन यांनी पेटी जिवंत ठेवली. या वादाने शिक्षकांना एक गोष्ट शिकवली: वाद्याची उणीव भरून काढण्याची जबाबदारी वादकाच्या कानावर आहे. पट्टीत जो गंधार नाही तो ज्याच्या गळ्यात आहे, तोच वादक पेटीला गायकीजवळ नेऊ शकतो. म्हणून पेटीच्या विद्यार्थ्याला गायला लावणे ही जुन्या गुरूंची हौस नसून त्या वाद्याच्या रचनेतूनच आलेली गरज होती.

विद्यापीठातील पेटी

मराठी विद्यापीठांत संगीत उशिरा आले. मुंबई विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या अखेरीस संगीत केंद्र सुरू झाले आणि डॉ. अशोक रानडे यांनी त्याला शास्त्र, इतिहास आणि प्रयोग यांची एकत्रित दृष्टी दिली. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या संगीत विभागाचे नेतृत्व डॉ. प्रभा अत्रे यांनी केले. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ मध्ये निघाले आणि त्याने ‘गुरुकुल’ हा शब्द आपल्या नावात ठेवून विद्यापीठाच्या चौकटीत गुरूकडून शिकण्याची सोय करण्याचा प्रयत्न केला. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत स्थापन झाले आणि सरस्वती भुवन महाविद्यालयात नाथराव नेरळकरांसारख्या गायकाने संगीत शिकवून अनेक विद्यार्थी घडवले. पुढे १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले. सेनगावसह हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच्या कार्यक्षेत्रात येतात, आणि विद्यापीठाच्या आवारात ललित व प्रयोगजीवी कलांचे संकुल आहे. नरसी-सेनगावच्या भजनी मंडळातून येणाऱ्या विद्यार्थ्याला पदवीची वाट अशा रीतीने पूर्वीपेक्षा पुष्कळ जवळ आली.

विद्यापीठाने पेटीच्या शिक्षणाला जे दिले ते मोलाचे आहे. स्वरलिपीमुळे बंदिश एका पिढीकडून दुसरीकडे अचूक जाते, इतिहासामुळे विद्यार्थ्याला आपण वाजवत असलेल्या वाद्याचा प्रवास कळतो, ध्वनिशास्त्रामुळे समान अंतराचे सप्तक आणि श्रुती यांतील फरक समजून घेता येतो. गावाकडून आलेल्या मुलाने जे केवळ ऐकून आत्मसात केले होते त्याला येथे नाव, कारण आणि विस्तार मिळतो. उलट, विद्यापीठ ज्या गोष्टीकडे पुरेसे लक्ष देत नाही ती त्या मुलाकडे आधीच आहे: तीन-तीन तास न थकता दुसऱ्याच्या गाण्याची साथ करण्याची तयारी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कलांना मुख्य विषयाबरोबर शिकण्याची मोकळीक दिली असल्याने संगीत हा पूरक विषय घेणाऱ्यांसाठी ही संधी आहे. मात्र त्या अभ्यासक्रमाने फक्त ठरलेल्या रागांची यादी पाठ करून घेतली तर संधी वाया जाईल.

इतिहास सांगतो की मराठी मुलखातील उत्तम पेटीवादक चार गोष्टींतून घडले: त्यांनी गायले, त्यांनी खूप ऐकले, त्यांनी ताल हाताने मोजून शिकला आणि त्यांनी इतरांची साथ केली. नेपल्सच्या मुलांनाही स्वरपट्टीवर बसण्याआधी गळा आणि कान तयार करावे लागत, आणि जुलियार्डने विसाव्या शतकाच्या मध्यात जे पुन्हा जोडायला घेतले ते याच जातीचे दुवे होते. त्यामुळे मराठवाड्यातील विद्यापीठांनी आपला आदर्श परदेशातून उसना घेण्याची गरज नाही. तो त्यांच्याच कार्यक्षेत्रातील देवळांत आणि मैफलींत तयार आहे. हार्मोनियमच्या पदवी अभ्यासक्रमात गायनाचा तास सक्तीचा असावा, साथ ही प्रात्यक्षिक परीक्षेचा स्वतंत्र व गुणांचा भाग असावी, किमान तीन पट्ट्यांत वाजवण्याची तयारी तपासली जावी, आणि जवळच्या गावातील सप्ताहात किंवा भजनी मंडळात केलेली साथ प्रत्यक्ष कार्य म्हणून मोजली जावी. असे झाले तर पदवी घेऊन बाहेर पडलेला विद्यार्थी गायकाच्या शेजारी बसण्यास लायक ठरेल, शाळेत मुलांना शिकवू शकेल, स्वतंत्र वादन करू शकेल आणि आपल्या गावच्या अभंगाच्या चाली लिहून ठेवू शकेल. पेटीच्या शिक्षणाचा सव्वाशे वर्षांहून अधिकचा अनुभव विद्यापीठाकडून याच पूर्णतेची मागणी करतो.